‘दोघांमध्ये मारामारी होते’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या लेखकांना खुलं पत्र

प्रति,
मराठीत एकांकिका, शॉर्टफिल्म, वेबसिरीज, सिनेमे, कथा-कादंबऱ्या लिहिणारे सगळे लेखक-लेखिका, आणि त्यातही आपले नागपूर-विदर्भातले,

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात राहतो आणि कॉलेजच्या एकांकिका, हौशी नाटकं, पोट्ट्यांच्या शॉर्टफिल्म यांच्या फाइट बसवून देतो. म्हणजे थप्पड अशी कशी मारायची की गालाला लागणार नाही पण शेवटच्या रांगेला ऐकू जाईल, जिन्यावरून कसं पडायचं, गळा कसा दाबायचा, असली कामं. त्यामुळे स्क्रिप्ट वाचायला मिळतात, आणि मारामारीच्या जागी जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एकच ओळ सापडते, ‘दोघांमध्ये जोरदार मारामारी होते’. कोणी ‘तुंबळ’ लिहितं, कोणी ‘झटापट’ लिहितं, एवढाच फरक. त्याच्या आधी चार-चार पानं डायलॉग असतो, बापलेकाचा, मित्रामित्रांचा, नवराबायकोचा, एकेक शब्द घासून-पुसून लिहिलेला, कोण कुठे अडखळतो, कोण कुठे नजर चुकवतो सगळं कंसात दिलेलं, आणि माणसं एकमेकांच्या अंगावर गेली रे गेली की लेखक पेन खाली ठेवतो आणि म्हणतो, भाऊ आता तुम्ही बघून घ्या.

भाऊ बघून घेईल हो, पण त्यात तुमचं नुकसान होऊन राहिलंय, आणि प्रेक्षकाचं त्याहून जास्त.

ती ओळ लिहिणं बंद करा आणि मारामारी लिहा, एवढीच विनंती आहे. हात कुठून यायचा, पाय कुठे पडायचा, कॅमेरा कुठे ठेवला की मधली गॅप दिसत नाही, हे मी बसवतो, ते माझं काम. पण आधी हात कोण उचलतो, कशावरून उचलतो, हाताशी असलेल्या दहा वस्तूंतली कोणती घेतो, कोणती मुद्दाम घेत नाही, मार खाताना काय वाचवतो, कुठे थांबतो आणि थांबल्यावर काय करतो, हे सगळे त्या माणसाचे निर्णय आहेत, आणि पात्राचे निर्णय लेखकानंच घ्यायचे असतात. बोलताना माणूस स्वतःला आवरतो, सजवतो, खोटंही बोलतो. अंगावर आल्यावर त्याला तेवढी फुरसतच नसते, आत जे आहे ते हातापायात उतरतं. अख्ख्या गोष्टीत अशा जागा दोन-तीनच मिळतात आणि आपण त्या रिकाम्या सोडून देतो.

तुमचा सीन लिहिलेला आहे की नुसता भरलेला आहे हे बघायचं असेल तर मारामारीत दोघांची नावं अदलाबदल करून वाचा. काहीच बिघडलं नाही, सीन तसाच्या तसा चालला, तर तिथे पात्रं नाहीत, नुसती दोन शरीरं आहेत.

मागे एकदा कॉटन मार्केटकडून लोहापुलाकडे येताना ट्रॅफिकमध्ये दोन गाड्या घासल्या. एक स्कूटीवाला, समोर पाय ठेवायच्या जागेत त्याची लहान पोरगी उभी, आपल्याकडे सगळेच करतात तसं. दुसरा बाइकवाला, तो उतरला, आला आणि थेट कॉलर धरली. स्कूटीवाल्याचा एक हात ब्रेकवर होता आणि तो हात त्यानं शेवटपर्यंत काढला नाही, कारण काढला असता तर गाडी पोरीसकट कलंडली असती. सगळं भांडण त्यानं बसल्या बसल्या, उरलेल्या एका हातानं केलं. दोन थापडा खाल्ल्या, एक दिली, आणि मधेच खाली बघून पोरीला म्हणाला डोळे मिटून घे. बाइकवाल्याला पोरगी दिसली ती तेव्हा, आणि मग त्याचा हात खाली आला, तोंड मात्र सुरूच राहिलं, कारण एवढ्या लोकांसमोर एकदम गप्प कसं व्हायचं. बघा, दोन अनोळखी माणसं, मिनिटभराचा मामला, पण मी त्या दोघांवर अख्खी एकांकिका लिहू शकतो एवढं मला त्यांच्याबद्दल कळलं. ब्रेकवरचा तो हात कोणत्याच फाइट मास्तरला सुचणार नाही, कारण तो हात बापाचा आहे, आणि पात्र बाप आहे हे लेखकाला माहीत असतं.

आता लिहायचं म्हणजे कसं ते एका उदाहरणानं सांगतो. समजा इतवारीत, मस्कासाथच्या बाजूला, दोन भावांचं धान्याचं दुकान आहे. मोठा हिशेब बघतो, लहान्याला संशय आहे की मोठ्यानं बापाच्या नावची एफडी परस्पर मोडली. माझ्याकडे हा सीन आला असता तर असा आला असता, की लहाना धावून येतो, मोठ्याला ठोसा मारतो, मोठा पोत्यांवर पडतो, उठून लहान्याला ढकलतो, काटा उडतो, तूरडाळ सगळीकडे सांडते, नोकर मधे पडतात. दिसायला भारी आहे, डाळ स्लो मोशनमध्ये उडताना तर फारच भारी. पण यातून कळलं काय, तर दोघं भांडले, जे आपल्याला आधीच माहीत होतं.

तोच सीन असा करून बघा. लहान्याचा आवाज चढतो तसा मोठा उठतो आणि सगळ्यात आधी जाऊन शटर अर्धं खाली ओढतो, मार्केटनं बघू नये म्हणून. लहाना मागोमाग जातो आणि ते शटर परत वर सारतो, बघू दे सगळ्यांना. कोणी कोणाला अजून बोटही लावलेलं नाही पण मारामारी सुरू झालेली आहे. शटर दोनदा वर-खाली होतं. मग लहाना मोठ्याच्या अगदी जवळ येतो, त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा काढतो, नीट घडी करून गल्ल्यावर ठेवतो, आणि मग मारतो. आणि मोठा उलट मारत नाही, त्याला चष्म्याशिवाय नीट दिसत नाही, तो गल्ल्यावर चाचपडतो, आपल्याला वाटतं चष्मा शोधतोय, पण त्याच्या हाताला खातेवही लागते आणि तो ती उचलून पोटाशी धरतो आणि तसाच वाकून मार खातो. संपलं. शटर ओढल्यापासून एक वाक्य बोललं गेलं नाही, पण घराण्याची अब्रू कोणाला प्यारी आहे हे कळलं, लहान्याची माया अजून पूर्ण मेलेली नाही हे कळलं, आणि वहीत काहीतरी आहे हे कळलं. याला हार्नेस लागत नाही, केबल लागत नाही, शटर आणि चष्मा लागतो. माझं बसवायचं काम इथे फक्त एका थापडेचं आहे आणि मला हा सीन बसवायला आवडेल.

शटरवरून आठवलं म्हणून सांगतो, १९७५ च्या ‘दीवार’मधली गोदामातली फाइट आपल्यातल्या प्रत्येकानं पाहिलेली आहे. गुंड विजयला, म्हणजे अमिताभला, सगळीकडे शोधून परत येतात आणि तो त्यांच्याच गोदामात पाय वर करून बसलेला असतो. तो उठतो, दाराला आतून कुलूप लावतो, किल्ली गुंडांच्या म्होरक्याकडे फेकतो आणि सांगतो की आता ही तुझ्या खिशातून काढूनच मी बाहेर जाणार. त्यानंतरचे ठोसे आज तुम्हाला एकही आठवत नसतील, पण किल्ली आठवते, आणि ती किल्ली सलीम-जावेदच्या कागदावरून आलेली आहे. ज्या माणसानं लहानपणापासून अपमान गिळलाय तो जिंकायच्या आधी स्वतःची पळायची वाट बंद करतो, हा त्याचा स्वभाव आहे, आणि पुढे अख्खा सिनेमा तो हेच करत राहतो, एकेक दार स्वतःच्या हातानं बंद करत जातो. म्हणजे फाइटमध्ये शेवटही पेरलेला आहे.

आपल्याला हे शिकायला मुंबईलाही जायची गरज नाही, कीर्तनात ऐकलेलं महाभारत पुरतं. विराटपर्वातला उत्तर घ्या. राजा विराट त्रिगर्तांशी लढायला गेलाय, इकडे दुसऱ्या बाजूनं कौरव गाई पळवून नेतायत, आणि हा राजपुत्र उत्तर अंतःपुरात बायकांसमोर बसून सांगतोय की चांगला सारथी असता ना तर मी एकटा पुरलो असतो. मग सारथी म्हणून बृहन्नडा, म्हणजे वेश बदलून राहिलेला अर्जुन, मिळते, रथ निघतो, समोर कौरवांची सेना दिसते, आणि उत्तराच्या अंगावर काटा उभा राहतो, तो धनुष्य टाकून रथातून उडी मारतो आणि पळत सुटतो. अर्जुन त्याच्या मागे धावतो, बायकी वेशात, वेणी उडतेय, लाल वस्त्रं उडतायत, आणि समोरचे सैनिक हसायला लागतात. व्यासांना इथे थेट अर्जुनाचे बाण सुरू करता आले असते, श्रोता तर त्याचीच वाट बघत बसलेला असतो. पण त्यांनी आधी एका पोराला पळवलं आणि त्याच्या मागे जगातल्या सगळ्यात मोठ्या धनुर्धराला वेणी उडवत धावायला लावलं. एक वर्ष लपून राहिलेला माणूस आज उघडा पडणार आहे आणि त्याची पहिली कृती काय, तर घाबरलेल्या पोराला पकडून आणणं. मारत नाही, टाकून देत नाही, त्याला समजावतो आणि स्वतः लढायला उभा राहून त्याला घोड्यांचे लगाम धरायला लावतो. पळपुट्या पोराला त्याच्या कुवतीचं काम देतो.

आणि याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. निघताना विराटाची पोरगी उत्तरा आणि तिच्या मैत्रिणी बृहन्नडेला सांगतात की भीष्म-द्रोणांना जिंकलंस तर आमच्या बाहुल्यांसाठी त्यांची छान छान वस्त्रं घेऊन ये. मग युद्ध होतं, सगळे महारथी येतात, अर्जुन संमोहनास्त्र टाकतो, सगळे मूर्च्छित पडतात, आणि त्या क्षणी या माणसाला काय आठवतं तर बाहुल्यांचे कपडे. तो राजपुत्र उत्तराला खाली पाठवतो, द्रोण-कृपांची पांढरी, कर्णाची पिवळी, अश्वत्थामा आणि दुर्योधनाची निळी वस्त्रं काढून आण म्हणतो, आणि बजावतो की भीष्मांच्या वाटेला जाऊ नको, त्यांना या अस्त्राचा तोड माहीत आहे, ते शुद्धीवर आहेत. अहो एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा. समोर तेरा वर्षांचा सूड पडलेला आहे, बेशुद्ध, हातात, आणि हा गळा कापत नाही, वस्त्रं काढतो. लहान पोरीला दिलेला शब्द विसरत नाही. आजोबांची ताकद त्याला नेमकी माहीत आहे. आणि मघाशी पळून जाणारं पोर आता महारथींच्या मधून चालत जाऊन त्यांची वस्त्रं काढून आणतंय. अर्जुनाचा, उत्तराचा, भीष्मांचा, तिघांचा स्वभाव एका लढाईत, आणि त्यातले बाण वजा केले तरी गोष्ट उरते. मला कोणी विचारलं की फाइट सीन कसा लिहायचा तर मी हाच भाग वाचायला सांगतो.

गदायुद्धही तसंच आहे, तिथे दुर्योधन कसबानं वरचढ आहे आणि भीम ताकदीनं, नियमानं खेळला तर भीम जिंकणार नाही हे कृष्ण स्पष्ट बोलतो, मग मांडीवर गदा बसते, आणि पडलेल्याच्या डोक्यावर भीम पाय ठेवतो तेव्हा युधिष्ठिराला ते सहन होत नाही, बलराम तर नांगर उचलून धावतो. मारामारी संपल्यावर कोण काय म्हणतो, कोण गप्प राहतो, तिथे सगळ्यांची पारख झाली. आपण मात्र शेवटचा ठोसा बसला की कट करतो.

या ‘नंतर’बद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या स्क्रिप्टमध्ये तो नसतोच. खरी मारामारी फार लहान असते. ट्रेनिंग घेतलेला बॉक्सरसुद्धा तीन मिनिटं लढतो आणि एक मिनिट बसतो, आपला रस्त्यावरचा माणूस अर्ध्या-एक मिनिटात धापा टाकायला लागतो, नुसतं धरून उभा राहतो. ग्लोव्ह न घालता नुसत्या मुठीनं डोक्यावर ठोसा मारला तर बऱ्याचदा मारणाऱ्याच्याच करंगळीमागचं हाड मोडतं, कवटी हाताच्या हाडांपेक्षा पुष्कळ कडक असते. डोक्यात काहीतरी घालून माणूस तासभर बेशुद्ध आणि मग उठून पळतोय असं लिहू नका, तासभर बेशुद्ध असलेला माणूस मेडिकल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत असतो. आणि अंगात ॲड्रेनलिन चढलेलं असताना आवाज दूरचे वाटतात, नजर समोरच्या एवढ्याशा जागेवर खिळते, बारीक कामं जमत नाहीत. उतरल्यावर हात थरथरतात, गाडीच्या लॉकमध्ये किल्ली जात नाही, फोनवर नंबर लागत नाही, काहींना रडू येतं, काहींना हसू येतं, काहींना भयंकर भूक लागते. यातलं काय तुमच्या पात्राला होतं? जिंकलेला माणूस बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभा आहे कारण हात थरथरणं थांबल्याशिवाय त्याला बायकोसमोर जायचं नाही, हे मला दाखवा, मी त्या माणसासोबत पुढचे दोन तास बसायला तयार आहे.

कायद्याचंही बघा, त्यात गोष्टी लपलेल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत असेल तर कलम ११५(२), पोलीस बहुतेक एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतात. पण हाड मोडलं किंवा दात तुटला, अगदी एक दात, तरी ती गंभीर दुखापत धरली जाते, ११७(२) लागतं, सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि सरळ एफआयआर होतो. म्हणजे मित्रामित्रांच्या भांडणात एकाचा पुढचा दात पडला आणि मेयो हॉस्पिटलात एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची मेडिकल नोंद, लिहिताना डॉक्टर विचारतोय कसं झालं, तर तो मित्र ‘जिन्यावरून पडलो’ म्हणेल की खरं सांगेल? मैत्रीची खरी परीक्षा त्या डॉक्टरच्या टेबलावर आहे, आणि मैदानातल्या सगळ्या ढिशुम ढिशुमपेक्षा ती जास्त थरारक आहे.

आणखी एक, आमच्या कामातली गोष्ट आहे पण लेखकांना उपयोगी पडेल. स्टेजवर गळा दाबायचा सीन असतो तेव्हा दाबणारा जोर लावतच नाही, सगळा जोर, सगळा त्रास ज्याचा गळा आहे तो दाखवतो. केस ओढायच्या सीनमध्येही तेच, हालचाल ज्याचे केस आहेत त्याच्या ताब्यात असते. थापडेचा आवाजसुद्धा बऱ्याचदा मार खाणाराच काढतो, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या बाजूला स्वतःची टाळी वाजवून. म्हणजे फाइट मार खाणारा चालवतो. आणि आपले लेखक लिहितात फक्त मारणाऱ्याबद्दल! मार खाणारा काय करतो हे लिहा ना. कोणी पोट झाकतं, कोणी तोंड झाकतं, कोणी हात खाली सोडून नुसतं बघत राहतं आणि मारणाऱ्यालाच लाज आणतं. लहानपणी घरात मार खाल्लेला माणूस आणि कधीच न खाल्लेला माणूस पहिल्या थापडेला सारखा वागणार नाही, एकाला सवय आहे, दुसऱ्याला आधी आश्चर्यच वाटतं. तुमच्या पात्राचं बालपण सांगायला फ्लॅशबॅक टाकता, तेच एका थापडेत सांगता येतं.

आजूबाजूची माणसं विसरू नका, आपल्याकडे मारामारी दोघांची नसतेच कधी. पानठेल्यावर वाद पेटला की धरणारे आधी तयार असतात, आणि ज्याला धरलंय तो ‘सोड बे मले, सोड’ म्हणून ओरडतो, त्यातल्या निम्म्यांना तुम्ही खरंच सोडून बघा, जागचे हलणार नाहीत. त्याला कोणीतरी धरावं हीच त्याची इच्छा होती. हे लिहिण्यासारखं आहे. आणि एक माणूस असतोच, जो हे सगळं चालू असताना पन्नीतला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घोटत राहतो, हात थांबत नाही त्याचा, बघत राहतो. तो कोण आहे, त्याला भीती का वाटत नाही, त्यानं याआधी काय पाहिलंय? मी लेखक असतो तर त्या खर्रावाल्याला घेऊन गोष्ट सुरू केली असती.

बाईची मारामारी आपल्याकडे दोनच प्रकारे लिहिली जाते, एक तर इंटरव्हलच्या आधी एक कडकडीत थप्पड आणि मागे म्युझिक, नाहीतर कालपर्यंत पोळ्या लाटणारी एकदम कराटे करायला लागते. मोरभवनहून संध्याकाळी सुटणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये उभी असलेली बाई घ्या. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्यात डब्याची पिशवी, मागचा माणूस सारखा टेकतोय. ती ओरडत नाही. पदराची सेफ्टी पिन काढते, न बघता मागे टोचते, आणि खिडकीबाहेर बघत राहते, चेहऱ्यावर काही नाही. माणूस पुढच्या स्टॉपला उतरतो. ती पिन पुसून परत पदराला लावते. ती पुसणं बघितलं की कळतं हे पहिल्यांदा घडलेलं नाही. मला वाटतं आपल्या लेखिकांकडे अशा कितीतरी मारामाऱ्या आहेत ज्या अजून कागदावर आल्याच नाहीत, आणि त्या येतील तेव्हा आमचं फाइट बसवायचं कामही बदलेल.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांना वेगळं थोडंसंच. डावा ठोसा, उजवी लाथ, तो वाकला, हा उडाला अशी कॉमेंट्री लिहू नका, वाचणाऱ्याला ते दिसतही नाही आणि लक्षातही राहत नाही. ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट चाललीय त्याला त्या क्षणी जेवढं दिसेल तेवढंच लिहा. मार खाऊन जमिनीवर पडलेल्याला समोरच्याची चप्पल दिसते, तिचा तुटलेला अंगठा दिसतो, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल लोकांना भव्य फाइट पाहिजे, साऊथचे सिनेमे बघा किती चालतात. मीही बघतो, आवडीनं बघतो, दहा जण एकेक करून येतात आणि उडतात, त्यातही मेहनत प्रचंड असते, स्टंटची पोरं जीव धोक्यात घालून काम करतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेवढा पैसा आपल्या शॉर्टफिल्मकडे नाही, एकांकिकेकडे तर नाहीच नाही, आणि त्याची स्वस्त नक्कल फार केविलवाणी दिसते. उलट ज्याला पैसा लागत नाही ते लिखाण आपल्या हातात आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जाऊन बघा, वडसा-देसाईगंजकडे, रात्रभर नाटक चालतं, हजारो लोक थंडीत बसलेले असतात, तिथे क्लोजअप नाही, कट नाही, रिटेक नाही, मागे बसलेल्या म्हाताऱ्या मायलासुद्धा कळलं पाहिजे की कोण कोणावर का धावून गेला. तिथला नट धावून जायच्या आधी थांबतो, कारण तो थांबला की लोक श्वास धरतात. आणि मराठी सिनेमातच बघायचं असेल तर नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ आहे, २०१४ ला थेटरात आला. अख्खा सिनेमाभर मान खाली घालून राहिलेला जब्या शेवटी दगड उचलतो, आणि तो दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. एक दगड. तो कोणत्या फाइट मास्तरनं बसवला हे कोणी विचारत नाही, कारण तो दगड पहिल्या सीनपासून त्या पोराच्या मुठीत भरत आलेला असतो.

नागपूरकरांशी घरचं म्हणून बोलतो. बाहेरच्या कितीतरी स्क्रिप्टमध्ये नागपूरचं पात्र म्हणजे ‘बे’ म्हणणारा, खर्रा थुंकणारा, बात-बात पे कॉलर धरणारा एक माणूस असतो, ज्याला मायबाप नाही, नोकरी नाही, भीती नाही. मला याचं वाईट वाटतं. आणि जास्त वाईट तेव्हा वाटतं जेव्हा आपलेच पोट्टे तसंच लिहून आणतात, कारण त्यांनी पडद्यावर तेच पाहिलंय. काऊन बे, तुझ्या मोहल्ल्यात एवढी माणसं आहेत, सावजीच्या हॉटेलात काम करणारा आहे, मिहानला शिफ्टला जाणारी पोरगी आहे, कामठीहून रोज येणारा प्लंबर आहे, बर्डीच्या फुटपाथवर मोबाइलचे कव्हर विकणारा आहे, यातला प्रत्येक जण वेगळ्या कारणानं हात उचलेल आणि कितीतरी जण आयुष्यभर उचलणारच नाहीत. हात न उचलणाऱ्याची मारामारी लिहायला तर सगळ्यात अवघड, आणि ती मी अजून कोणाच्या स्क्रिप्टमध्ये वाचलेली नाही. कोणीतरी लिहा.

दिग्दर्शकांनाही एक सांगायचं आहे. फाइटच्या तालमी शेवटी ठेवू नका. बाकी नाटक महिनाभर बसवता आणि फाइट शोच्या आदल्या रात्री बसवायला सांगता, मग पोरं दमलेली असतात, एकमेकांच्या डोळ्यात बघून अंतर मोजायची सवय झालेली नसते, आणि खरंच लागतं. कोणाचं नाक फुटावं एवढी मोठी कोणतीच एकांकिका नाही. लाठी खरी वापरू नका, काच खरी वापरू नका, आणि ‘भाऊ खरीच मारू दे, रिॲक्शन चांगली येईल’ असं म्हणणाऱ्या नटाला आधी बाजूला बसवा. परीक्षकांनी पण चर्चेत कधीतरी विचारावं की ही मारामारी स्क्रिप्टमध्ये किती लिहिलेली होती, तेवढं विचारलं तरी पुढच्या वर्षीच्या संहिता बदलतील.

दिवाळी झाली की स्पर्धांचा सीझन सुरू होईल, तुमच्यातले बरेच जण आत्ता लिहीत बसलेले असाल. मारामारीचा सीन आला की दोन पानं लिहा, चुकीची लिहा, लांबलचक लिहा, त्यात काय जमेल काय नाही ते आपण बसून बघू. गाद्या माझ्याकडे आहेत, त्याचे पैसे लागत नाहीत. फक्त तालमीच्या पहिल्या आठवड्यात बोलवा, शो दोन दिवसांवर आल्यावर बोलावलं तर मी थप्पड तेवढी शिकवू शकतो.

तुमचाच,
एक फाइट बसवणारा, नागपूर